झाड तोडण्याचा परवाना : सातारा-सांगलीच्या लाकूडकामाची तीनशे वर्षे

मालकीच्या रानातले सागाचे एक झाड तोडायचे असेल, तर त्या कामात कुऱ्हाडीची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी सातबाराचा उतारा काढावा लागतो. मग अर्ज, मग वनखात्याच्या माणसाची जागेवर पाहणी. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजला जातो, क्रमांक टाकला जातो, बुंध्याशी साल तासून तेथे हातोड्याचा शिक्का उमटवला जातो. तोड करायची ती शिक्क्याच्या वर; कारण ओंडके निघून गेल्यावर जमिनीत उरलेला खुंट हाच काय तो साक्षीदार. पुढे ओंडक्यांची मोजयादी, ती जुळली की वाहतुकीचा परवाना, आणि मग गाडी रस्त्याला लागते.

पाटण, जावळी, शिराळा या डोंगरपट्ट्यात झाडांचा व्यवसाय करणाऱ्याचे कितीतरी दिवस असे कागदांमागे जातात. ही साखळी एकदम घडलेली नाही. तिची एक जुनी कडी अठराव्या शतकातील आहे, आणि तिच्याच विरोधात १९३० साली वारणेकाठच्या एका गावाने सरकारशी उघड झुंज घेतली. हा धागा त्या साखळीविषयी आहे, आणि तिच्यात ज्या कामाला कधी जागाच मिळाली नाही त्याविषयीही. शेवटी तो मिरज तालुक्यातील एका वडापाशी येतो.

प्रारंभ आज्ञापत्रापासून करावा लागतो. रामचंद्रपंत अमात्यांचा हा राजनीतीवरील ग्रंथ समाजमाध्यमांवर नेहमी ‘शिवरायांचा पर्यावरणविषयक हुकूम’ म्हणून फिरतो. वास्तविक तो १७१५-१६ च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत सिद्ध झाला. महाराजांच्या धोरणाची स्मृती त्यात निश्चित आहे. शब्द मात्र अमात्यांचे आहेत.

झाडांचा विषय त्यात दोन ठिकाणी येतो, आणि दोन्ही ठिकाणी तो कामकाजाचा विषय म्हणून येतो. आरमारासाठी सोट, फळ्या, डोलकाठ्या लागतात. त्यासाठी राज्याच्या अरण्यातील सागासारखी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, आणखी लागतील ती परमुलखातून विकत आणावीत, असे अमात्य सांगतात. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानेच ते तोडावे. दुसरा उल्लेख गडांचा. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी झाडे लावावीत आणि जतन करावीत, कारण प्रसंग पडला की तीच लाकूड म्हणून उपयोगी येतात.

या मजकुरात परवाना आहे, मोबदला आहे, मालकाची संमती आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झाड वाढवण्यात कुणाचे तरी श्रम गेलेले असतात, याची स्पष्ट कबुली आहे. पुढच्या दोन शतकांत परवाना आणि मोबदला टिकले, अधिक काटेकोरही झाले. श्रमाची ती कबुली मात्र सरकारी कागदांतून हळूहळू नाहीशी झाली.

मुंबई इलाख्यात वनांचा पहिला संरक्षक अधिकारी नेमला गेला तो १८४७ साली. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश शल्यवैद्य तोवर पुण्याजवळच्या दापोडीची वनस्पतीबाग सांभाळत होता. डोंगर उघडे पडले तर झरे आटतात आणि पाऊसपाण्यावर परिणाम होतो, ही चिंता त्याने वारंवार मांडली होती. दुसऱ्याच वर्षी, १८४८ मध्ये, सातारचे राज्य खालसा झाले आणि कोयना-कृष्णेच्या उगमाकडचे रान कंपनीच्या हाती आले. गिब्सनची चिंता खरी होती. पण ज्या यंत्रणेत तो काम करीत होता तिला आधी जहाजांसाठी आणि पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड हवे होते. १८६५ चा वन कायदा आणि त्याहून कडक असा १८७८ चा कायदा या गरजेतून आला. राखीव वने, संरक्षित वने आणि ग्रामवने असे तीन वर्ग पडले. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने शेतातील झाडांवरचा हक्क बहुतांशी कब्जेदाराला दिला, पण सरकारने राखून ठेवलेल्या जाती त्यातून वगळल्या. साग, शिसव, चंदन या त्या मौल्यवान जाती. शेत माणसाचे आणि त्यातला साग सरकारचा, ही स्थिती अनेक गावांनी पाहिली.

येथे थोडे थांबून डोंगरातील माणूस झाडाशी प्रत्यक्षात काय करीत असे, हे पाहिले पाहिजे. पश्चिम साताऱ्याच्या पावसाळी पट्ट्यात भात आणि नाचणीचा तरवा राबावर वाढतो. उन्हाळ्यात शेण, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर गवत-पाचोळा आणि वरून बारीक माती असे थर रचायचे आणि भाजायचे. जमीन भाजली की तण मरते, राखेचे खत मिळते, आणि पहिल्या पावसात बी जोमाने उगवते. या टहाळासाठी ऐन, किंजळ यांच्या फांद्या उतरवल्या जात. हे काम शिकलेल्या हाताचे असते. शेंडा राखायचा, फांदी खोडाला चिकटून सोलवटणार नाही अशी तोडायची, आणि एकदा उतरवलेल्या झाडाला पुन्हा पालवायला दोन-तीन वर्षे द्यायची. नीट राखलेले ऐनाचे झाड असे पिढ्यान्‌पिढ्या टहाळ देते. अडाण्याच्या कोयत्याखाली तेच झाड चार वर्षांत वाळते.

कायद्याच्या नजरेला हा फरक दिसला नाही. राखीव वनातील गुन्ह्यांची जी यादी १८७८ मध्ये झाली आणि १९२७ च्या वन कायद्यातही राहिली, तिच्यात झाड पाडणे, खोडाची साल गोल कापणे, फांद्या उतरवणे, पाला ओरबाडणे ही सारी कृत्ये एकाच ओळीत बसवली आहेत. झाड मारणारा आणि झाड राखून त्याचा टहाळ घेणारा, दोघेही सारखेच गुन्हेगार. वनखात्याची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. ज्या टेकड्यांवर रोज शेकडो कोयते चालतात तेथे चांगला हात आणि वाईट हात वेगळा करणार कोण? पण त्याचा परिणाम असा झाला की, झाडाची छाटणी ही ज्यांची परंपरागत विद्या होती, तेच लोक रखवालदाराला चुकवून, रात्री, घाईघाईने फांद्या तोडू लागले. घाईत तोडलेली फांदी वाईटच तुटते.

याच काळात जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण. कोरड्या, उघड्या माळाचा हा मुलूख. १८८३ च्या या ग्रंथात वनखात्यावर त्यांनी केलेली टीका अनेकदा ‘गायराने गेली’ एवढ्यापुरती उद्धृत होते. तिच्यात आणखी एक सूक्ष्म निरीक्षण आहे. पूर्वी पावसाबरोबर डोंगरावरचा पालापाचोळा, कुजलेली फुले-फळे, जनावरांचे मलमूत्र खालच्या शेतात वाहून येई आणि जमिनीचा कस आपोआप टिके, असे ते मांडतात. डोंगर आणि शेत ही त्यांच्या लेखी एकच व्यवस्था होती. खात्याने मधोमध रेघ ओढली. मृदाशास्त्र हा शब्द मराठीत रुळण्यापूर्वीचे हे लेखन आहे.

आता बिळाशीकडे. वारणेच्या काठचे हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. १९३० साली ते सातारा जिल्ह्यात होते. मिठाचा सत्याग्रह समुद्राकाठी शक्य होता. सह्याद्रीच्या पायथ्याला मीठ कुठून आणणार? म्हणून महाराष्ट्रात कायदेभंगाने जंगलाची वाट धरली. १० जुलै १९३० रोजी बापूजी अणे यांनी विदर्भात पुसदजवळ गवत कापून सत्याग्रह केला, आणि त्याच महिन्यात सातारा जिल्ह्यातही तो पेटला. बिळाशीच्या लोकांनी रानातला साग तोडला आणि त्याच्या खोडाचा ध्वजस्तंभ करून गावात तिरंगा उभा केला.

शालेय पाठ्यपुस्तकात बिळाशीचे नाव संगमनेर, चिरनेर, पुसद यांच्या रांगेत एका ओळीत येते आणि संपते. त्यामुळे त्या ध्वजस्तंभाचे लाकूड कोणते होते, हा प्रश्न कुणाला पडत नाही. तो पडायला हवा. बांबू मिळाला असता, बाभूळ मिळाली असती. पण साग तोडणे म्हणजे सरकारच्या वहीतले, मोजलेले, किंमत ठरलेले झाड विनापरवाना काढणे. ज्या वस्तूसाठी सर्वांत जास्त कागद लागत, तीच वस्तू उचलून गावाच्या मध्यभागी उभी केली गेली. सप्टेंबरच्या सुरुवातीला पोलिसांचा मोठा फौजफाटा झेंडा उतरवायला आला, तेव्हा तो खांब राखायला गावातील स्त्रिया पुढे झाल्या. सरपणासाठी आणि टहाळासाठी रानात जाणे हे प्रामुख्याने बायकांचेच काम होते. रखवालदाराशी रोजची गाठ त्यांचीच पडे. त्यांचे पुढे येणे केवळ देशभक्तीच्या भरात झाले असे म्हणणे त्यांच्या रोजच्या अनुभवाला कमी लेखण्यासारखे होईल.

सत्याग्रह संपले, कूप मात्र चालू राहिले. कूप म्हणजे जंगलाचा दरवर्षी क्रमाने तोडायचा ठरावीक तुकडा. त्याचा लिलाव होई, ठेकेदार तो घेई, आणि ठेकेदाराची माणसे पावसाळा सरला की रानात झोपड्या टाकत. सागाची तोड जमिनीलगत, धारदार कुऱ्हाडीने आणि किंचित उताराची करायची असा नियम असे, म्हणजे खुंटावर पाणी साचत नाही, तो कुजत नाही आणि त्याला निरोगी फुटवे येतात. नियम कागदावर होता, तो पाळायचा की नाही हे कुऱ्हाड धरणाऱ्याच्या मनगटावर होते. मजुरी पडलेल्या मालावर मिळे. चांगल्या खुंटाचे वेगळे पैसे नसत. वीस-तीस वर्षांनी त्या खुंटावर पुन्हा साग उभा राहिला, तर तो कोणाच्या हाताने उभा राहिला याची नोंद कुठल्याही वहीत सापडत नाही. मोठ्या ओंडक्यांच्या फळ्या जागेवरच पाडत. ओंडका घोडीवर चढवायचा, एक माणूस वर, एक खाली, आणि मधे दोन मुठींची लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा.

माल वखारीत पोहोचला की गणित बदलते. वखार हा शब्द मुळात कोणत्याही मालाच्या कोठाराचा. सांगली शहरात वखारभाग नावाची पेठच आहे. आज मात्र वखार म्हटले की बहुतेकांना लाकूडच आठवते. तेथे गोल लाकूड घनफुटात मोजण्याची जुनी रीत अशी : घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, आणि लांबीने गुणायचे. इंग्रज व्यापाऱ्यांकडून आलेल्या या हिशोबात ओंडक्याचे खरे घनफळ शंभर असेल तर मोजणीत सुमारे साडेअठ्ठ्याहत्तरच येते. उरलेले साडेएकवीस साल आणि भुसा यांची तूट म्हणून आधीच वजा. शेतकरी तर बहुधा उभे झाडच उक्ते विकतो. त्याला ना घेर ठाऊक ना हे सूत्र. परवान्याची दगदग घेणारा खरीदारच, त्यामुळे भावही त्याचाच.

१ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्हा विभागला गेला. दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. झाडांच्या दृष्टीने या प्रदेशाची खरी विभागणी उत्तर-दक्षिण नाहीच, ती पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेला कोयना-वारणेचे दाट रान, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत यांचे दुष्काळी माळ. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याने ही रेघ नकळत अधिक ठळक केली. त्या कायद्याच्या अनुसूचीत साग, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन अशा मोजक्या जाती आहेत. बाभूळ नाही, सुबाभूळ नाही, निलगिरी नाही. साहजिकच पूर्वेकडचा लाकूडवाला बाभळीवर आणि निलगिरीवर जगतो. हळद शिजवायला, वीटभट्टीला, बांधकामाच्या टेकूंना त्याचे लाकूड जाते. पश्चिमेकडचा प्रत्येक झाडासाठी हातोड्याची वाट पाहतो. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आरागिरण्यांवरही निर्बंध आले. बिळाशीच्या वरच्या अंगाचे रान तर व्यवहारातूनच उठले : चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले.

शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यात वृक्ष अधिकारी आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, झाडांची गणना आहे. पण मे महिन्यात विजेच्या तारांखालून फांद्या छाटल्या जातात तेव्हा पाहण्यासारखे असते. छाटणी तारेच्या सोयीने होते, झाडाच्या नव्हे. एका बाजूची सगळी फांदी उतरते, तोल दुसऱ्या बाजूला जातो, आणि वळवाच्या पहिल्या वादळात झाड त्याच बाजूला आडवे होते. राबासाठी ऐन चढणाऱ्या माणसाला हा तोल कुणी शिकवावा लागत नसे. तोल चुकला तर तो स्वतःच खाली येई.

आणि वड? गमतीची गोष्ट अशी की १९६४ च्या अनुसूचीत वडाचे नावच नाही. त्याचे लाकूड फारसे कामाचे नाही, म्हणून नियमनाच्या मनात तो कधी आलाच नाही. अथच सातारा-सांगलीच्या भूदृश्यावर सर्वांत मोठी छाया त्याचीच आहे. सुरूरहून वाईला जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जुने वड आहेत. जावळी तालुक्यात तर ‘वडाचे म्हसवे’ नावाचे गावच आहे. तेथील वडाची मोजणी १८८२ साली झाली, तेव्हा त्याचा बाह्य परीघ १,५८७ फूट, दक्षिणोत्तर लांबी ५९५ फूट आणि पूर्वपश्चिम ४४२ फूट भरली. चार एकरांहून अधिक जमीन एका झाडाखाली! एवढा वड आपोआप होत नाही. पारंब्या कोवळ्या असताना शेळ्या त्या खातात, पोरे झोके घेतात. पारंबी जमिनीला टेकेपर्यंत तिला राखावे लागते; टेकली की तिचे खोड होते आणि ती वरची फांदी पेलते.

तुलनेसाठी हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वड घ्यावा. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी त्याला मोडले, पुढे मुख्य खोडाला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये ते खोडच काढून टाकले. तो आज पारंब्यांवर उभा आहे. काढावे की ठेवावे याचा निर्णय घेणारे, पारंब्यांना आधार देणारे पगारी हात तेथे होते. तेलंगणात महबूबनगरच्या पिल्ललमर्री वडाला २०१८ मध्ये वाळवी लागली, तेव्हा खोडात सलाईनच्या बाटल्या लावून औषध सोडले गेले. वृक्षनिगा हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला वेतन आहे, अवजारे आहेत, अनुभवी माणसे आहेत, हे अशा ठिकाणी दिसते.

मिरज तालुक्यातील भोसे गावचा वड सुमारे चारशे वर्षांचा मानला जाई. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात तो जाणार हे २०२० च्या जुलैत कळले, तेव्हा स्थानिक पर्यावरणप्रेमी झाडाभोवती जमले. राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र पाठवले आणि महामार्गाच्या आखणीत बदल करण्यात आला. एका झाडासाठी राष्ट्रीय महामार्ग सरकला, याचे देशभर कौतुक झाले. तोडीचा परवाना रद्द करवणे ही मोठी गोष्ट होती, आणि ती या प्रदेशाच्या स्वभावाला साजेशीच होती. परवान्याशी झुंजणे बिळाशीपासून येथे ठाऊक आहे.

पण वाचवलेल्या झाडाचे पुढे काय करायचे, याचा अर्ज कोणत्या कार्यालयात द्यावा, याला जुन्या कायद्यांत उत्तर नाही. चारशे वर्षांच्या खोडाची पोकळी तपासणे, फांद्यांचा भार उतरवणे, नव्या पारंब्या जमिनीपर्यंत नेणे, शेजारी रस्त्याचे काम चालू असताना मुळांभोवतीची माती राखणे, ही कामे कोणत्याही परवान्याच्या रकान्यात बसत नाहीत. जून २०२२ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, भोसेचा वड उन्मळून पडला. त्याला कुणाची कुऱ्हाड लागली नव्हती.